पुरात मेडिकल टीम घेऊन जायचंय, गाडीत नेमकं काय भरायचं?

फोंडा_मेडिकलवाला:
मंडळी, २०२१ च्या जुलैत म्हादई नदीचं पाणी गोव्यातल्या सत्तरीत घुसलं तेव्हा आम्ही चार-पाच पोरं उत्साहात गाडी भरून गेलो, आणि अर्धा माल तसाच परत आणला, कारण लोक मागत होते एक नि आमच्याकडे क्रोसिन, बँडेज नि खोकल्याच्या बाटल्या. यंदा तसं नको म्हणून आधीच विचारतोय. ओळखीतले एक डॉक्टर आणि दोन नर्स यायला तयार आहेत.

सिस्टर_म्हापसा:
मी त्याच महिन्यात चिपळूणला गेलेले, २२ ला पूर आला आणि आम्ही चौथ्या दिवशी पोचलो. बुडालेला पेशंट एकही बघितला नाही हो. रांग होती ती बीपी-शुगरवाल्यांची, गोळ्या गेल्या, कागद गेले, नाव विचारलं तर "ती बारकी पांढरी, सकाळची", आता काय समजायचं! दुसरं म्हणजे घरातला चिखल काढताना पत्रा लागलेला, खिळा घुसलेला, त्यामुळे धनुर्वाताची इंजेक्शनं भरपूर घ्या. बोटांच्या बेचक्यात चिखल्या तर सगळ्यांनाच. ओआरएस पण घ्या. इन्सुलिन नेणार असाल तर लाईट नसते हे धरून चला, आम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून मडक्यात ठेवलेलं.

डिचोलीकर:
सगळं खरं, पण आधी तिथल्या आरोग्य केंद्राला फोन करा. आमच्या वाड्यावर एका दिवशी तीन टीम आल्या, नंतर आठवडाभर कोण नाही. वर त्यांच्या जेवणाचं आम्हीच बघायचं. आपलं पाणी, आपला डबा घेऊन या बाबांनो. आणि सिरियस पेशंट दिसला तर हिरोगिरी नको, सरळ १०८ लावा, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात) पोचू दे.

डॉक्टर_पेडणे:
लेप्टो विसरू नका, म्हणजे उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या चिखलपाण्यातून होणारा ताप, लेप्टोस्पायरोसिस. ताप लगेच येत नाही, बहुतेक आठवडा-दहा दिवसांनी येतो, तोवर टीमा फोटो काढून घरी पोचलेल्या असतात. केरळात २०१८ ला पूर ओसरल्यावरच साथ आली. चिखलपाण्यात उतरणाऱ्या मोठ्या माणसांना तो टाळायला डॉक्सीसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी, २०० मिग्रॅ आठवड्यातून एकदा, जेवल्यावर. गरोदर बायका आणि लहान मुलांना ती नाही, म्हणून कोणाला द्यायची ते तुमच्या डॉक्टरनीच ठरवायचं, स्ट्रिपा वाटत सुटू नका. तुमची पोरं पाण्यात उतरणार असतील तर त्यांचं पण बघा.

फोंडा_मेडिकलवाला:
आठवड्यानंतरची दुसरी फेरी आमच्या डोक्यातच नव्हती, आता माणसं दोन भागात वाटतो. आणि सिस्टर, त्या पांढऱ्या गोळीवरून सुचलं, दुकानात बीपी-शुगरचे शंभरेक नेहमीचे गिऱ्हाईक आहेत, पावसाआधी प्रत्येकाला गोळ्यांची नावं लिहून कार्ड दिलं तर?

सिस्टर_म्हापसा:
द्या ना! फक्त लॅमिनेट करून द्या, आणि मोबाईलात फोटो काढायला सांगा. माझ्या सासूबाईंचं पण एक करा.