संशोधन विभागाला मासिक टार्गेट असावं का?

वेर्णेकर:
वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका औषध कंपनीच्या आर अँड डीत आहे. नव्या साहेबांनी आम्हाला प्रॉडक्शनसारखंच मासिक टार्गेट लावलंय: इतक्या ट्रायल बॅचेस, इतके रिपोर्ट. पण नवी गोळी ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये ६ महिने ठेवल्याशिवाय ती टिकते की नाही ते कळत नाही. त्याचा दरमहा हिशोब काय देणार? म्हणून सगळे जुन्याच गोळ्यांत किरकोळ फेरफार करून आकडा भरतात आणि अवघड कामाला कोणी हात लावत नाही. संशोधनाचा हिशोब वर्षाने घ्या, महिन्याने नको.

कुंकळ्ळीकर:
अजिबात पटलं नाही. मी अकाउंट्सचा माणूस. आयकर कायद्याच्या कलम ३५(२एबी) खाली संशोधनाच्या खर्चावर २०० टक्के वजावट मिळायची, ती एप्रिल २०१७ पासून १५० आणि एप्रिल २०२० पासून १०० टक्क्यांवर आली. मालक खर्चाचा हिशोब विचारणारच. आणि चेंबर ६ महिने चालतं म्हणून ६ महिने गप्प बसायचं? ओलावा धरणारी गोळी पहिल्या महिन्यातच मऊ पडते, कोटिंगवर ठिपके दिसतात. तेव्हाच प्रोजेक्ट बंद करायला हवा. वर्षाने हिशोब घेतला तर असे मेलेले प्रोजेक्ट वर्षभर पोसले जातात.

म्हापशेची_मीरा:
थ्रीएम या अमेरिकन कंपनीचं बघा. पोस्ट-इटचा, म्हणजे चिकटवून परत काढता येणाऱ्या चिठ्ठ्यांचा, तो कमी चिकटणारा गोंद १९६८ चा, अमेरिकेत सगळीकडे विक्री १९८० मध्ये. मासिक टार्गेट असतं तर तो दुसऱ्याच महिन्यात कचऱ्यात गेला असता. २००१ मध्ये जेम्स मॅकनर्नी सीईओ झाले आणि त्यांनी सिक्स सिग्मा, म्हणजे मोजमाप करून उत्पादनातल्या चुका कमी करायची पद्धत, प्रयोगशाळेतही नेली. पुढचे सीईओ जॉर्ज बकली यांना संशोधकांवरचा तो फास सैल करावा लागला.

कुंकळ्ळीकर:
मीराताई, अर्धीच गोष्ट सांगितलीत. थ्रीएममध्येही मोजमाप होतंच. गेल्या काही वर्षांत आणलेल्या उत्पादनांतून विक्रीचा ठरावीक वाटा यायलाच हवा, असं तिथल्या विभागांवर बंधन होतं.

म्हापशेची_मीरा:
हो, पण ते विभागावर आणि काही वर्षांच्या हिशोबाने. एकेका केमिस्टच्या डोक्यावर दरमहा नव्हे. माझा सगळा आक्षेप तेवढ्याचसाठी आहे.

वेर्णेकर:
मेलेले प्रोजेक्ट पोसले जातात, हे कुंकळ्ळीकरांचं म्हणणं खरं आहे, आमच्याकडेही आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या महिन्याचे नमुने बघून चालू ठेवायचं की थांबवायचं, अशी बैठक मी मागणार आहे. रिपोर्ट मोजण्याला मात्र विरोध कायम.

कुंकळ्ळीकर:
बैठक मागाल तेव्हा आणखी एक मागा: थांबवलेला प्रोजेक्ट अप्रेझलमध्ये अपयश धरायचा नाही, हे एचआरकडून लेखी घ्या. नाहीतर स्वतःचा प्रोजेक्ट बंद करा म्हणून त्या बैठकीत कोण सांगेल?