पंपिंग कमी आणि नळ्यांत ब्लॉकेज: स्टेंट टाकायचाच का?

गोदाकाठ
‘पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय, तीन नळ्यांत ब्लॉकेज आहे, स्टेंट टाकले की हृदय सुधारेल.’ कॅथलॅबबाहेर बसलेल्या नातेवाइकांना असं सांगून लगेच सही मागितली जाते. माझा याला विरोध आहे. हार्ट अटॅक चालू असताना केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, त्याबद्दल वादच नाही. मी बोलतोय ते अटॅक नसलेल्या, छातीत फारसं न दुखणाऱ्या, दम लागतो म्हणून आलेल्या पेशंटबद्दल.

रक्त कमी पडल्याने सुस्तावलेला स्नायू नळी उघडली की कामाला लागेल, अशी ही कल्पना. ब्रिटनमधल्या रिव्हाइव्ड चाचणीने ती तपासली, निकाल २०२२ साली आला. ईएफ, म्हणजे पंपिंगचा टक्का, ३५ किंवा त्याखाली असलेले ७०० रुग्ण घेतले, त्यांचा स्नायू जिवंत असल्याची खात्री करून. निम्म्यांना औषधं आणि स्टेंट, निम्म्यांना नुसती औषधं. साधारण साडेतीन वर्षांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी (हृदयाचं पंपिंग शरीराला अपुरं पडणं) भरती व्हावं लागण्याचं प्रमाण ३७.२ टक्के विरुद्ध ३८ टक्के. ईएफसुद्धा दोन्हीकडे सारखाच. मग ‘सुधारेल’ हे कशाच्या जोरावर सांगायचं?

डॉ. कळसूबाई
मी कार्डिओलॉजिस्ट आहे. तुमचे आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष घाईचा आहे. ते रुग्ण सरासरी सत्तरीचे, त्यात बायका जेमतेम १२ टक्के, आणि बहुतेकांना अंजायना, म्हणजे श्रमाने छातीत दुखणं, नव्हताच. माझ्या ओपीडीत पन्नाशीतला मधुमेही येतो, एक जिना चढला की छाती आवळते. त्याला हा निकाल जसाच्या तसा कसा लावू? शिवाय स्टिच चाचणी बघा. अशाच कमजोर हृदयाचे १,२१२ रुग्ण, बायपास झालेल्यांचा दहा वर्षांतला मृत्युदर ५८.९ टक्के, नुसत्या औषधांवर असलेल्यांचा ६६.१.

गोदाकाठ
डॉक्टर, स्टिच बायपासची चाचणी आहे. बायपासचा फायदा स्टेंटच्या खात्यावर कसा मांडता येईल? आणि छाती आवळणाऱ्यांना मी आधीच वगळलंय. त्यांना स्टेंटने आराम पडतो, हे ऑर्बिटा-२ चाचणीत काही रुग्णांवर खोटी प्रक्रिया करून, तुलना करून दाखवलंय.

माणदेशी
तुम्ही दोघंही गोळ्या नियमित चालू राहतात असं धरून चाललाय. आमच्या मामांना डिस्चार्जच्या वेळी मेटोप्रोलॉल ही हृदयाची गोळी, २५ मिलिग्रॅमची, लिहून दिली. वर्ष झालं, अजून २५च. डोस हळूहळू वाढवायचा असतो हे कुणी सांगितलंच नाही. पुढे पैशांची ओढ झाली की एकेक गोळी बंद. महात्मा फुले योजनेत अँजिओप्लास्टी होते, महिन्याचं मेडिकलचं बिल मात्र घरातूनच जातं. अशा माणसाला ‘औषधांवर राहा’ म्हणणं म्हणजे वाऱ्यावर सोडणं. निदान स्टेंट तरी पडतो.

सुमेधा
माणदेशी, दुखणं खरं आहे, उपाय पटत नाही. स्टेंटनंतरही गोळ्या सुटत नाहीत, उलट रक्त पातळ करणाऱ्या वाढतात, आणि त्या मध्येच बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.
मी हार्ट फेल्युअरच्या पेशंटचा फॉलोअप बघते. रोज सकाळी लघवी झाल्यावर वजन, वहीत नोंद, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं की फोन. दर दोन आठवड्यांनी बीपी, पोटॅशियम, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) बघून डोस वर. हार्ट फेल्युअरवरच्या डापाग्लिफ्लोझिन या औषधाचं भारतातलं पेटंट २०२० मध्ये संपल्यापासून ती गोळी खूप स्वस्त झालीय. डापा-एचएफ चाचणीत ४,७४४ रुग्णांत हृदयविकाराने मृत्यू किंवा आजार बळावण्याचं प्रमाण तिने २१.२ वरून १६.३ टक्क्यांवर आणलं. योजनेचा पैसा इथे का येऊ नये?

डॉ. कळसूबाई
सुमेधाताईंचं शंभर टक्के मान्य. तरी गोदाकाठ, सरसकट नकार मला मान्य नाही. पन्नाशीतल्या भारतीय मधुमेहींवर अशी चाचणी होईपर्यंत मी प्रत्येक केस सर्जनबरोबर बसूनच ठरवणार, आणि त्यात काहींना स्टेंट पडणार. फक्त ‘पंपिंग वाढेल’ असं सांगून सही मी घेत नाही, कुणी घेऊही नये.