गन किंचाळतेय: गिअरबॉक्स उघडायचा की नाही?

सातपूरकर: माझं मत स्पष्ट आहे. एअरसॉफ्टची, म्हणजे प्लास्टिकचे छरे मारायच्या खेळातली, इलेक्ट्रिक गन कर्कश वाजायला लागली की बाहेरचे स्क्रू पिळत बसू नका, सरळ गिअरबॉक्स उघडा. मित्राची एम-४ रायफलच्या नमुन्याची गन आणली होती, व्हर्जन २ प्रकारचा गिअरबॉक्स. गोळी सुटायची, पण मोटर नुसती किंचाळायची. उघडल्यावर दिसलं, बेव्हल गिअर (मोटरला भिडणारा पहिला गिअर) शेलला, म्हणजे बॉक्सच्या कवचाला, घासून तिथे गोल चकाकणारा पट्टा पडलाय आणि ग्रीस काळंकुट्ट. कारखान्यात शिम (गिअरची उंची जुळवणाऱ्या पातळ चकत्या) घालणाऱ्याने वेळ मारून नेलेली.

गोदाकाठ: आजार म्हशीला, इंजेक्शन पखालीला! आधी ग्रिपच्या तळाचा स्क्रू पाव फेरी सैल करून बघितला का? मोटर वर-खाली त्यानेच होते. पिनियन, म्हणजे मोटरच्या टोकाचा छोटा गिअर, बेव्हलवर जास्त दाबला गेला की किंचाळतो, कमी भिडला की दात खातो. नवख्याला थेट शेल उघडायला सांगताय, मग अँटी-रिव्हर्सल लॅचची (गिअर उलटे फिरू न देणाऱ्या खटक्याची) ती एवढीशी स्प्रिंग सोफ्याखाली कोण शोधणार?

सातपूरकर: बेव्हलच चुकीच्या उंचीवर बसला असेल तर तुमचा स्क्रू काय करणार? आवाज दबेल, घासणं चालूच राहील.

देवळालीवाला: दोघंही बॅटरी विसरलात. साध्या गनला ११.१ व्होल्टची लिपो (लिथियम-पॉलिमर बॅटरी) लावायची, मॉस्फेट (ट्रिगरवरचा करंटचा भार घेणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) नाही, मग ट्रिगरचे कॉन्टॅक्ट जळणार आणि हवा दाबून गोळी ढकलणाऱ्या पिस्टनचे दात उडणारच. ७.४ वर राहा.

सातपूरकर: ७.४ च होती हो.

अंबड एमआयडीसी: लेथवर काम करतो म्हणून बोलतो. नुसत्या आवाजावर भांडू नका, गन करते काय ते सांगा. मोटर फिरते पण गोळी नाही? पिस्टनचे दात गेले किंवा पिनियन शाफ्टवर सरकला. 'टक' करून थांबते? आधी बॅटरी चार्ज करा. सेमीवर (एका दाबाला एक गोळी) अडकली? फुल ऑटोवर (सलग गोळ्या) टाकून एकदा दाबा, बहुतेक वेळा सुटते. यातलं काहीच नाही, नुसतं किंचाळणं आहे, तर गोदाकाठचा स्क्रू आधी. त्याने भागलं नाही तर मग सातपूरकर बरोबर. पण शिम घालताना पिस्टन-स्प्रिंग बाहेर ठेवून, आधी बेव्हल पिनियनशी जुळवा, मग स्पर (मधला गिअर), शेवटी सेक्टर (पिस्टन मागे ओढणारा). शेल आवळून गिअर बोटाने फिरवा. अडकता कामा नये, आणि वर-खाली जेमतेम जाणवेल एवढीच ढील हवी.

गोदाकाठ: हे पटलं. पण पिस्टन अर्धवट मागे अडकलेला असताना शेल उघडला तर?

अंबड एमआयडीसी: तसा उघडायचाच नाही. मॅगझिन आणि बॅटरी काढा, ग्रिप-मोटर उतरवा, खालच्या भोकातून बारीक स्क्रूड्रायव्हरने लॅच दाबा. गिअर उलटे फिरतात आणि पिस्टन खाडकन पुढे जातो. नंतरच शेलचे स्क्रू. तरीही स्प्रिंग थोडी दबलेलीच असते, म्हणून उघडताना मागून स्प्रिंग गाइड धरून ठेवा. आणि चष्मा घाला.

देवळालीवाला: ग्रीस कुठलं वापरता ते सांगा. गाड्यांचं चालतं म्हणणारे इथेच दोघं-तिघं निघतील.