छंदाच्या ग्रुपवर राजकारण शिरतं तेव्हा... तुमचे अनुभव सांगा

नदीकाठ
रविवारी पुण्याजवळच्या कवडीपाटला गेले होते, चक्रवाक बघायला. बंधाऱ्यापाशी आमच्या जुन्या पक्षीनिरीक्षण ग्रुपमधले काका भेटले. पांढरा धोबी आणि मोठा धोबी हे पक्षी ओळखायला मला ह्यांनीच शिकवलं, पांढऱ्याची पाठ करडी असते आणि तो हिवाळ्यापुरता येतो, मोठ्याची पाठ काळी, डोळ्यावर पांढरी भुवई आणि तो बारा महिने इथलाच. ग्रुपवर कोणीही धूसर फोटो टाकला तरी काका न कंटाळता उत्तर द्यायचे. २०२४ च्या लोकसभेच्या वेळी कोणीतरी एका नेत्याचं व्यंगचित्र टाकलं, त्यावर दुसऱ्याने काहीतरी लिहिलं, काका मध्ये पडले तर त्यांनाच कोणीतरी "ह्या वयात तुम्हाला शोभत नाही" म्हणालं. पुण्यातलं मतदान १३ मेला होतं, त्याच्या आधीच काकांनी ग्रुप सोडला. निवडणूक झाली, भांडणारे दोघंही अजून ग्रुपवर आहेत, आणि ओळख पटवून देणारं माणूस मात्र गेलं. मला ह्याचा अजून राग येतो. तुमच्या ग्रुप्सवर काय झालं, कोणी आवरलं, कसं आवरलं, मोकळेपणाने लिहा. कुठला पक्ष ते इथे नको, प्लीज.

गच्चीबाग_कोथरूड
आमच्याकडे अ‍ॅडमिन बाई निवृत्त शिक्षिका आहेत, त्यामुळे सुटलो. त्यांचा नियम साधा, मेसेज बागेचा नसेल तर काढायचा आणि ज्याचा काढला त्याला खाजगीत कळवायचं, ग्रुपवर चकार शब्द नाही. चारचौघांत बोललं की माणूस हट्टाला पेटतो. आणि खरी गोष्ट सांगते, त्यांनी सगळ्यात आधी काढलेला फॉरवर्ड त्यांच्याच मैत्रिणीचा होता, त्यांच्याच विचारांचा. ते सगळ्यांनी पाहिलं. त्यानंतर दुसऱ्या बाजूचा काढला तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही.
जाता जाता, जास्वंदीवर पिठ्या ढेकूण आलाय, पांढरा कापूस चिकटल्यासारखा, कोणाकडे खात्रीचा उपाय आहे का? ग्रुपवरचे सगळे उपाय करून झाले

सह्यभटक्या
काका परत येतील का ग्रुपवर? विचारा त्यांना.

आमचा ट्रेकचा ग्रुप फुटला तो गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत आपले किल्ले आले ना तेव्हा. एवढी आनंदाची बातमी, आणि पहिल्या तासाभरात सुरू झालं की श्रेय कोणाचं, ह्या सरकारचं का त्या, प्रस्ताव कोणी पाठवला. अरे राजगड आलाय यादीत, लोहगड आलाय, शिवनेरी आलाय, जरा त्यावर बोला! आता तिथे गर्दी वाढणार, राजगडाच्या पद्मावती माचीवर मुक्कामाला येणाऱ्यांना शिस्त कोण लावणार, टाक्यातलं पाणी घाण होणार त्याचं काय, ह्यावर एक अक्षर नाही. शेवटी दोन ग्रुप झाले. दोर आणि प्रथमोपचाराची पेटी एका ग्रुपकडे, वाटा माहीत असलेली दोन जुनी माणसं दुसऱ्याकडे. पावसाळ्यात ह्याचा काय अर्थ होतो ते ट्रेक करणाऱ्यांना वेगळं सांगायला नको

पुणेरी_पावसाळा
तोरणा पण आला ना यादीत?

सह्यभटक्या
नाही हो. एकूण १२ आहेत, ११ महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. तोरणा नाही, सिंहगड पण नाही.

पुणेरी_पावसाळा
अरेरे. तोरणा तर स्वराज्याच्या सुरुवातीचा किल्ला

रात्रीचं_आकाश
माझं दुःख ऐका. ऑक्टोबर २०२४, तो त्सुचिनशान-अ‍ॅटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता. आमच्या ग्रुपवर एक मुलगा होता, कॉलेजचा, त्याने १५ तारखेला छान लिहून टाकलं की सूर्य मावळल्यावर पाऊण तासाने बघा, शुक्र आणि स्वाती दोन्ही शोधा, त्यांच्या मधल्या पट्ट्यात दुर्बिणीने सापडेल, क्षितिज मोकळं हवं म्हणून टेकडीवर जा. आणि नेमकी त्याच दिवशी विधानसभेची तारीख जाहीर झाली. मग काय, जागावाटप, तिकीट कोणाला, कोण कोणाला पाडणार. त्या मुलाचा मेसेज कुठल्या कुठे वर गेला. मी दुसऱ्या दिवशी रात्री वाचला, पुढच्या दोन संध्याकाळी ढग. माझ्या मुलीला दाखवायचा होता, राहिला. आपल्या हयातीत तर तो काही परत यायचा नाही. निवडणूक पाच वर्षांनी येतेच की!! त्या मुलाने नंतर ग्रुपवर लिहिणंच बंद केलं, त्याचं मला जास्त वाईट वाटतं

अनामिका_औंध
@रात्रीचं_आकाश वाचून खरंच वाईट वाटलं. मुलीला गुरूचे चंद्र दाखवा, साध्या दुर्बिणीतून पण दिसतात, हात स्थिर हवा फक्त.

टेकडी_रोज
मी जरा वेगळं बोलणार आहे. वेताळ टेकडीवर आमचा सकाळी चालणाऱ्यांचा ग्रुप. बालभारती ते पौड फाटा रस्त्याचा विषय आला की अ‍ॅडमिन म्हणायचे राजकारण नको. अहो पण रस्ता टेकडीवरून गेला तर आम्ही चालायचं कुठे? मोर, घुबडं, ती खाणीची जागा, हे सगळं ह्या ग्रुपचाच विषय आहे ना. २०२३ मध्ये लोक टेकडीसाठी रस्त्यावर उतरले तेव्हा आमच्या ग्रुपवर निरोप टाकायला पण बंदी होती, अर्ध्या लोकांना कळलंच नाही. आम्ही मग बसून ठरवलं, टेकडीबद्दल काहीही चालेल, हरकत कुठे नोंदवायची, बैठक कधी आहे, नकाशा काय म्हणतो. नगरसेवक, आमदार चांगला का वाईट हे नाही. तेव्हापासून नीट चाललंय. सरसकट "राजकारण बंद" म्हणणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा ही कळकळीची विनंती.

नदीकाठ
@टेकडी_रोज पूर्ण पटलं. आमच्याकडे नदीकाठच्या कामाचं तसंच आहे, काठची झाडं गेली तर पक्षी कुठे बसणार, ते बोलायलाच हवं. त्या व्यंगचित्रात मात्र एकही पक्षी नव्हता.

काळा_कोट
अ‍ॅडमिन मंडळींसाठी, कारण बरेच जण घाबरून ग्रुपच बंद करतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्याने आक्षेपार्ह मेसेज टाकला म्हणून अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, दोघांचा समान हेतू किंवा आधीपासून ठरवून केलेलं असं काही दिसायला हवं. त्यामुळे घाबरू नका. पण म्हणून हातावर हात ठेवून बसू पण नका, व्हॉट्सअ‍ॅपवर आता अ‍ॅडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, ते वापरा. निकालाच्या दिवशी सरळ "फक्त अ‍ॅडमिन" सेटिंग लावून ठेवा, रात्री काढा.

सायकल_सदाशिव
कुकरची शिट्टी होईपर्यंत लिहिते. आम्ही राजकारणाला वेगळा ग्रुप काढून दिला. तिथे आठवड्यात शुकशुकाट! भांडणाला बघणारे लागतात, ते सगळे सायकलच्याच ग्रुपवर. पण फायदा झाला, इथे कोणी सुरू केलं की बाकीचे लिहितात "तिकडे", बस्स

पुणेरी_पावसाळा
आमच्या वेगळ्या ग्रुपवर रात्री दोनपर्यंत चालतं बुवा. मूळचा नाण्यांचा ग्रुप शांत आहे पण, परवा एकाने शिवराई टाकली, तिच्यावरची अक्षरं लावण्यात सगळे दंग. तुमच्याकडे जमलं ते ऐकून बरं वाटलं.

अनामिका_औंध
@गच्चीबाग_कोथरूड तुमच्या बाई खाजगीत नक्की काय लिहितात? मी भरतकामाच्या ग्रुपची अ‍ॅडमिन आहे आणि मला शब्दच सुचत नाहीत, कडक वाटतं नाहीतर मिळमिळीत.

गच्चीबाग_कोथरूड
त्यांना विचारून टाकते, थांबा.
हं, हा घ्या, माझ्या शेजारणीला आलेला: "ताई, मघाचा मेसेज काढला आहे. बागेचा विषय नव्हता एवढंच कारण, सगळ्यांना हाच नियम. तुमचं कृष्णकमळ फुललं म्हणालात, त्याचा फोटो टाका ना, मंडळी वाट बघतायत." शेजारणीने खरंच फोटो टाकला, आणि त्यावर ढीगभर प्रतिसाद आले

अनामिका_औंध
उचलला मेसेज. बाईंना नमस्कार सांगा. आणि पिठ्या ढेकणाला लिटरभर पाण्यात ५ मिली नीमतेल आणि भांड्याच्या साबणाचे थोडे थेंब, नीट हलवून संध्याकाळी फवारा, पानांच्या मागून पण. आधी जाड थर जुन्या टूथब्रशने काढून घ्या, नाहीतर तेल आत पोचत नाही. मुंग्या असतील तर त्यांचा पण बंदोबस्त करा, त्याच त्याला सांभाळतात.

गच्चीबाग_कोथरूड
मुंग्या आहेत!! आत्ता कळलं परत परत का येतोय ते.