विहाराच्या भिंतीवर रिकामे आसन : चिन्हांचा अर्थ कसा लावावा?

प्रश्न : इंदोऱ्याचा उपासक, नागपूर

सप्रेम जयभीम. आमच्या वस्तीतील विहाराच्या दर्शनी भिंतीवर भगवान बुद्धांच्या जीवनातील प्रसंग रंगवून घेण्याचे समितीने ठरविले आहे. चित्रकाराने सांचीच्या तोरणांवरून कच्ची रेखाटने केली असून त्यांत बोधिवृक्षाखालचे रिकामे आसन, खांबावरचे धम्मचक्र आणि पाठीवर स्वार नसलेला, तरीही वर छत्र धरलेला घोडा असे प्रसंग आहेत. ज्येष्ठ मंडळींचा आक्षेप असा की या चित्रांत बुद्धच नाहीत, तेव्हा मुलांना दाखवायचे तरी काय? उलट काही तरुण कार्यकर्ते म्हणतात की त्या काळी मूर्तीला बंदीच होती, म्हणून चिन्हे हीच खरी परंपरा. ही बंदी खरोखर होती का? शिवाय चक्राला आरे आठ काढावेत की चोवीस, यावरही आमची बैठक अडून बसली आहे.

उत्तर १ : शिल्पकलेची विद्यार्थिनी, धरमपेठ

दादा, बंदीचे आधी सांगते. बुद्धांची मूर्ती घडवू नये असा नियम पाली विनयात, म्हणजे भिक्खुसंघाच्या नियमग्रंथात, सापडत नाही. मध्य प्रदेशातील भारहूत आणि सांची येथील स्तूपांवरची शिल्पे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकांतली, आणि मथुरा व गांधार येथे मानवी रूपातील बुद्धमूर्ती साधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या शतकापासून दिसू लागतात, एवढे निश्चित आहे. मात्र चिन्हांचा काळ संपला आणि मूर्तीचा सुरू झाला अशी सरळ रेघ ओढता येत नाही, कारण सारनाथच्या पाचव्या शतकातील सुप्रसिद्ध मूर्तीत बुद्ध प्रत्यक्ष बसलेले असूनही त्यांच्या आसनाखाली चक्र आणि दोन हरणे कोरलेली आहेतच. हरणांमुळे ते मृगदाव, म्हणजे सारनाथचे हरणांचे वन, कळते, चक्रामुळे पहिले प्रवचन कळते आणि हातांची मुद्रा तेच पुन्हा सांगते.

तुमच्या घोड्याच्या चित्राविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण सांचीच्या पूर्व तोरणाच्या मधल्या तुळईवरील गृहत्यागाचा हा शिल्पपट मला फार मोलाचा वाटतो. डावीकडे कपिलवस्तूचे नगर आहे. तेथून निघालेला सिद्धार्थाचा कंथक घोडा एकाच पटात पुन्हा पुन्हा कोरला आहे आणि प्रत्येक वेळी त्याच्या रिकाम्या पाठीवर छत्र धरलेले आहे. उजव्या टोकाला पोहोचल्यावर छत्र घोड्यावरून निघून जमिनीवरच्या पदचिन्हांवर येते, त्या पदचिन्हांपुढे सिद्धार्थाचा सेवक छन्न वाकलेला दिसतो, आणि त्याच्याच खाली तोच घोडा छत्राविना माघारी निघालेला दिसतो. सिद्धार्थ कोठपर्यंत घोड्यावर होता आणि कोठे उतरला हे सारे केवळ छत्राच्या जागेवरून समजते. म्हणून माझे मत असे की चिन्हाचा अर्थ कोशात शोधण्याऐवजी ते प्रसंगात कोठे ठेवले आहे ते पाहावे. एकटे छत्र मानाची खूण असते; या पटात मात्र ते माणूस कोठे आहे ते सांगते.

आऱ्यांचा वाद त्यामुळेच मला अनाठायी वाटतो. आठ आरे म्हणजे आर्य अष्टांगिक मार्ग ही आज सर्वत्र रूढ झालेली मांडणी आहे आणि राष्ट्रध्वजावरील चक्रामुळे चोवीस आरे आपल्या डोळ्यांत बसले आहेत. परंतु जुन्या शिल्पकारांनी एकच संख्या कधी पाळली नाही, आणि पाली ग्रंथांत तर बुद्धांच्या तळपायावरील चक्राला हजार आरे सांगितले आहेत. मुलांना अष्टांगिक मार्ग शिकवायचा असेल तर आठ काढा.

उत्तर २ : पवनीकर

ताईंशी मी बहुतांशी सहमत आहे. एक भर घालतो. अमेरिकन कला-इतिहासकार सुसान हंटिंग्टन यांनी 1990 मध्ये असे मांडले की यांतील पुष्कळ शिल्पे बुद्धांच्या जीवनातील प्रसंगांची नसून, पुढील काळात उपासक बोधगया वगैरे पवित्र स्थळांना भेट देऊन वंदन करीत, त्या वंदनाची आहेत. बुद्धांच्या अखेरच्या दिवसांचे वर्णन करणाऱ्या महापरिनिब्बान सुत्तात लुंबिनी, बोधगया, सारनाथ आणि कुशीनारा ही चार स्थळे श्रद्धावंताने पाहावीत असे सांगितलेले असल्यामुळे या मताला वजन आहे. तरीही ते सगळीकडे लागू पडत नाही. भारहूतच्या एका शिल्पात पदचिन्हांपुढे हात जोडलेला राजा आहे आणि सोबत ‘अजातसतु भगवतो वंदते’ असा लेख कोरलेला आहे. मगधाचा राजा अजातशत्रू तर प्रत्यक्ष बुद्धांच्या भेटीस गेला होता. म्हणजे तेथे पदचिन्हे हेच भगवंत.

विदर्भाबाहेर न जाताही हे पाहता येते. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी असलेल्या आमच्या पवनीत 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग यांनी उत्खनन केले, तेव्हा जगन्नाथ टेकडीवर स्तूप उघडा झाला. येथे सापडलेल्या शिल्पांत फणा उभारलेला मुचलिंद नागराज आहे आणि त्याचे नावही दगडावर कोरलेले आहे. संबोधीनंतर पावसाळी वादळात त्याने बुद्धांवर फणा धरला ही कथा माहीत असणाऱ्याला तेथे बुद्धांची आकृती नसल्याने काही अडत नाही. सांचीच्या नकलेसोबत पवनीचा हा नाग तुमच्या भिंतीवर यावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर ३ : वंदना घेणारा, कामठी

ज्येष्ठांना समजावण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. आपण रोज बुद्धमूर्तीपुढे फूल ठेवताना म्हणतो, ‘पुप्फं मिलायाति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं’. हे फूल जसे कोमेजते, तसा माझा देहही नाशाकडे जातो. म्हणजे फूल हे मागणे मागण्यासाठी वाहिलेले नसून तेथे ते अनित्यतेची खूण म्हणून असते, आणि ही गोष्ट वंदना म्हणणाऱ्या प्रत्येक आजीला आधीपासून ठाऊक आहे.

कालिंगबोधि जातकात आनंद बुद्धांना विचारतो की आपण चारिकेला, म्हणजे धम्मोपदेशाच्या भ्रमंतीला, गेल्यावर लोकांनी वंदन कशाला करावे. बुद्ध सांगतात की शरीरधातूंचे (अस्थींचे) चैत्य, म्हणजे वंदनस्थान, परिनिर्वाणानंतरच शक्य असते, उद्देशिक (केवळ स्मरणासाठी उभारलेले) चैत्य निव्वळ मनाच्या कल्पनेवर उभे असते, आणि बोधिवृक्ष मात्र तथागत हयात असताना व नसतानाही योग्य ठरतो. त्यानंतर आनंदाच्या पुढाकाराने जेतवन विहाराच्या दारी बोधिवृक्ष लावला गेला. दीक्षाभूमीच्या आवारातील बोधिवृक्षाखाली आपण हात जोडतो ते याच परंपरेत बसते.

पुन्हा प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. एक शंका राहते. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय या शेजारच्या दोन गणांत झालेला संघर्ष असे दिले आहे. वृद्ध, रोगी आणि प्रेत प्रथमच पाहिल्याची कथा त्यांनी नाकारली. मग घोड्याचा प्रसंग आमच्या भिंतीवर ठेवणे योग्य होईल का?

उत्तर ४ : शिल्पकलेची विद्यार्थिनी, धरमपेठ

नक्कीच ठेवावा, पण निवडून. सांचीचा तो पट गृहत्यागाचे कारण कोठेच सांगत नाही. तो केवळ प्रस्थान आणि निरोप दाखवितो. छन्न आणि कंथक यांना निरोप देण्याचा प्रसंग बाबासाहेबांच्या ग्रंथातही आहे. तेव्हा नगरातून निघण्याचा आणि भोवतीच्या देवगणांचा डावा भाग गाळून उजवीकडील पदचिन्हे, वाकलेला छन्न आणि परतणारा घोडा एवढेच मोठे करून रंगवून घ्या, आणि शेजारच्या चौकटीत रोहिणीच्या पाण्यावरून भरलेली शाक्य संघाची सभा येऊ द्या. या सभेचे जुने शिल्प चित्रकाराला नकलेसाठी देता येईल असे माझ्या पाहण्यात नाही, म्हणून ती त्याला स्वतःच रचावी लागेल. भारहूत आणि पवनीच्या कारागिरांप्रमाणे प्रत्येक चौकटीखाली प्रसंगाचे नाव ठळक मराठीत लिहून घ्या, आणि ती अक्षरे लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येतील अशी जागा चित्रकाराला आत्ताच आखून द्या.