‘निचरा’, ‘निस्सारण’ की ‘सांडपाणी’? आराखड्यात कोणता शब्द कुठे?

प्रश्न (परभणी जिल्हा) : आमच्या नगरपंचायतीच्या ३० वर्षांच्या ड्रेनेज आराखड्याचा मराठी मसुदा वाचायला आलाय. एकाच पानावर सांडपाणी, मलनिस्सारण, निचरा, गटार, नाला हे शब्द आलटून पालटून आलेत. आम्ही तर सगळ्याला नालीच म्हणतो. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

उत्तर : ताई, बोलण्यात चालतात, आराखड्यात चालू देऊ नका.

‘निचरा’ हा शेतीतला शब्द. उताराने किंवा जमिनीतून पाणी आपसूक निघून जातं, तो निचरा. काळ्या रानात तो होत नाही हे आपल्याकडे लेकराबाळांनाही माहीत असतं. पावसाच्या पाण्यासाठी हाच शब्द ठेवा. ‘निस्सारण’ म्हणजे मुद्दाम वाहून नेणं. त्याला पाइप, चेंबर, पंप लागतात.

खरा घोळ ‘सांडपाण्या’चा आहे. घरी आपण न्हाणीचं, भांड्यांचं पाणी म्हणजे सांडपाणी समजतो, संडासाचं त्यात धरत नाही. सरकारी कागदात दोन्ही येतात. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणीपुरवठा आणि त्याचं ८० टक्के सांडपाणी धरतात, म्हणजे १०८ लिटर. ५०,००० वस्तीला रोज ५४ लाख लिटर झालं, आणि त्यात मैलाही आला. उलट नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघरी शोषखड्डे करून जिरवलं ते न्हाणी-मोरीचं पाणी. तुमच्या मसुद्यात नुसतं ‘सांडपाणी शोषखड्ड्यात सोडावे’ असं राहिलं आणि कुणी संडासाची लाईन त्यात जोडली, तर आजूबाजूचे बोअर नासतील. म्हणून प्रत्येक ठिकाणी ‘न्हाणी-स्वयंपाकघराचे सांडपाणी’ किंवा ‘मैलायुक्त सांडपाणी’ असं पुरतं लिहून घ्या. वाक्य लांबलं तरी हरकत नाही.

‘नाला’ शब्दाबाबत तर मी हट्टच धरेन. संभाजीनगरात खाम नदीला वर्षानुवर्षं लोक नाला म्हणत आले. नाला म्हटलं की त्यात घाण सोडायला कुणाला काही वाटत नाही. तुमच्या गावच्या ओढ्याला ओढाच लिहा, त्याच्या नावासकट, आणि नकाशावरही तेच नाव टाका.

प्रतिसाद (लातूर) : सर, शब्द पटले. पण हे १३५ लिटर आपल्याकडे येतात कुठे? आमच्याकडे नळाला दिवसाआड पाणी आलं तरी नशीब.

उत्तर : भाऊ, तुम्ही नेमकं दुखणं सांगितलंत. पाइपात गाळ बसू नये म्हणून पाण्याला सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग लागतो. पाइप ३० वर्षांनंतरच्या वस्तीसाठी घातलेला आणि आजचं पाणी थोडं, मग वेग मिळत नाही आणि लाईन तुंबते. म्हणून ‘पाणीपुरवठा’ या शब्दापुढे मंजूर, प्रत्यक्ष की अपेक्षित, हे लिहिलंच पाहिजे. आराखड्यात बहुधा मंजूर आकडा असतो, आणि वेगाचा हिशेब आजच्या प्रत्यक्ष पाण्यावरही तपासायला हवा.

प्रश्न (परभणी जिल्हा) : आणि ‘मॅनहोल’ तसंच ठेवू?

उत्तर : लोक ‘चेंबर’ म्हणतात, तेच लिहा. २०१३ च्या कायद्याने गटारात माणूस उतरवून धोकादायक सफाई करायला बंदी आहे, आणि २०२३ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘मशीनहोल’, म्हणजे माणसाऐवजी यंत्राने साफ करायचं चेंबर, असा शब्द आला. सफाईच्या कलमात ‘यंत्राने’ हा शब्द आहे का, तेवढं मात्र आजच बघा.