फाउल सपरला जाऊन बघा
वर कोणीतरी म्हटलंय की कॅनडातल्या सास्कॅचेवान प्रांताच्या छोट्या गावांत चर्च म्हणजे रविवारी तासभर प्रार्थना, बाकी शुकशुकाट. प्रार्थनेला माणसं रोडावलीत हे खरंय, पण सप्टेंबर-ऑक्टोबरात पीक निघालं की एखाद्या गावच्या फाउल सपरला जाऊन बघा, चर्चच्या बेसमेंटमध्ये नाहीतर कम्युनिटी हॉलमध्ये टर्कीचं जेवण, आपल्या भंडाऱ्यासारखंच पण तिकीट काढून, आणि त्या पैशातून छपराची डागडुजी नाहीतर हीटिंगचं बिल निघतं. खाली जागा होईपर्यंत मंडळी वर प्रार्थनेच्या बाकांवरच पाऊस-गव्हाच्या गप्पा हाणत बसतात, नंबर पुकारला की खाली. वाढायला शाळकरी पोरं, आणि सास्काटून-बेरी (इकडची जांभळी बेरी) पाय, म्हणजे सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, घरोघरून करून आणलेला, तो आधी उचला, पंपकिनवाला नंतरही मिळतो!

युक्रेनियन वस्तीच्या गावात (ही मंडळी १८९० च्या दशकापासून इकडे येत गेली) टर्कीसोबत पेरोगी (सारण भरून उकडलेल्या करंज्यांसारख्या) आणि कोबीच्या पानात भात गुंडाळलेले रोल हमखास असतात. शाकाहारी असाल तर बटाटा-चीजच्या पेरोगीवर मस्त भागतं, फक्त वर बेकन (डुकराचं मांस) घातलंय का ते आधी विचारून घ्या. आणि हीच सगळी माणसं पुढे थंडीत कर्लिंग (बर्फावर जड दगड सरकवायचा खेळ) रिंकवर भेटतात, २००१ पासून तो प्रांताचा अधिकृत खेळच आहे.